‘हॅलो’, ‘काय बॉस’, ‘काय गा’: बोलीतली अभिवादनं आली कुठून आणि ते तपासायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘हॅलो’ हे टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलच्या मैत्रिणीचं नाव होतं, हे खरं का? ‘टाटा’ कुठून आलं? आणि ‘काय बॉस’, ‘काय राव’, ‘काय मर्दा’, ‘काय अण्णा’ यांतलं आपलं किती आणि बाहेरचं किती, हे स्वतः शोधायचं तर कसं?

पहिल्याचं उत्तर: अजिबात नाही. ही गोष्ट खोटी आहे हे कसं कळतं, ते आधी बारकाईने पाहू. हीच तपासणी पुढे प्रत्येक शब्दाला लावायची आहे.

फिरणाऱ्या गोष्टीत मुलीचं नाव मार्गारेट हॅलो असं येतं आणि बेलने फोनवर पहिला शब्द तिच्या नावाचा उच्चारला असं सांगतात. बेलचं लग्न जुलै १८७७ मध्ये मेबल हबर्डशी झालं. मेबल लहानपणीच्या आजारात बहिरी झालेली होती आणि बेल तिचा शिक्षक होता. फोनवरून समजेलसं गेलेलं पहिलं वाक्य १० मार्च १८७६ चं, तेही सहकारी वॉटसनला ‘इकडे या’ असं सांगणारं. त्यात ‘हॅलो’ नाही. बेलला फोनवर ‘अहॉय’ ही खलाशांची हाक हवी होती आणि ती त्याने सोडली नाही. ‘हॅलो’ रूढ केलं एडिसनने. १५ ऑगस्ट १८७७ ला पिट्सबर्गमधल्या एका तार कंपनीच्या अध्यक्षाला त्याने पत्र लिहिलं: घंटीची गरज पडणार नाही, कारण ‘हॅलो’ दहा-वीस फुटांवरून ऐकू येतं. त्या काळच्या योजनेत तार कायम जोडलेली राहायची, म्हणून पलीकडच्या माणसाचं लक्ष वेधायला मोठ्याने काहीतरी ओरडावं लागणारच होतं.

आणि शब्द त्याही आधीचा. इंग्रजी छापील मजकुरात ‘हॅलो’ १८२० च्या दशकात सापडतो. ‘हॅलो’, ‘हल्लो’, ‘होला’ ही सगळी लांबून मारायच्या हाकेची रूपं. व्युत्पत्तिकोश त्यांचा संबंध जुन्या जर्मनमधल्या ‘आण, घेऊन ये’ अशा आज्ञार्थी क्रियापदाशी जोडतात, म्हणजे नदीच्या पलीकडून नावाड्याला मारलेली हाक. आपल्याकडे मुंबई, कलकत्ता आणि मद्रासला टेलिफोन एक्स्चेंज १८८२ मध्ये सुरू झाली आणि यंत्राबरोबर हा शब्दही आला.

या तपासणीत तीन गोष्टी झाल्या. शब्दाचा सर्वांत जुना दाखला शोधला. तो गोष्टीतल्या तारखेच्या आधीचा निघाला, तिथेच गोष्ट संपली. मग शब्दाचा आवाज कुठल्या जुन्या रूपांशी बसतो ते पाहिलं. आणि तो इथवर कोणी आणला, कोणती माणसं आणि कोणती वस्तू, ते पाहिलं. या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय व्युत्पत्ती मान्य करायची नाही. नुसतं ‘ऐकायला सारखं वाटतं’ हा पुरावाच नाही.

मराठीत पहिल्या पायरीसाठी मोल्सवर्थचा कोश सर्वांत हाताशी आहे. पहिली आवृत्ती १८३१ ची, वाढवलेली दुसरी १८५७ ची, आणि शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो फुकट चाळता येतो. बऱ्याच नोंदींपुढे संस्कृत, हिंदुस्थानी, फारसी, अरबी अशा मुळाची खूण असते. शब्द तिथे आहे म्हणजे तो सिनेमातून किंवा कॉलेजच्या कट्ट्यावरून आलेला नाही, एवढं नक्की. उलट बाजूने मात्र सावध राहायचं. शब्द तिथे नाही एवढ्यावरून तो नवा ठरत नाही, कारण बोलीतल्या हाका आणि शिव्या कोशकारांकडून हमखास सुटतात. अरबी-फारसी शब्दांसाठी माधव ज्यूलियन यांचा १९२५ चा फारसी-मराठी कोश, द्राविड मुळांसाठी बरो आणि एमेनो यांचा कोश, आणि संस्कृत-प्राकृतातून आलेल्या शब्दांसाठी टर्नरचा तौलनिक कोश. या चौघांना एकच शब्द विचारला तर बहुतेक वेळा उत्तर मिळतं, आणि चौघांचं पटत नसेल तर तेही महत्त्वाचंच उत्तर आहे.

दुसरी पायरी आवाजाची. ‘काय राव’ मधला ‘राव’ घ्या. हा संस्कृत ‘राजा’ पासून आला असं म्हणताना मधला ‘ज’ गेला कुठे, हे दाखवावं लागतं. प्राकृतात दोन स्वरांच्या मधली व्यंजनं झिजून गेली आणि ती फट ‘य’ किंवा ‘व’ ने भरली. म्हणून ‘पाद’चा पाय, ‘घात’चा घाव, ‘राजा’चे राय आणि राव. हीच झीज निदान तीन-चार शब्दांत दाखवता आली तर ती खरी. एकाच शब्दासाठी खास नियम बनवावा लागत असेल तर आपण कथा रचतोय असं समजावं.

आता शब्दांकडे. अभिवादनांत एक गोष्ट जगभर दिसते: बोलणारा स्वतःला खाली तरी नेतो किंवा समोरच्याला वर तरी चढवतो. इटलीतलं ‘चाव’ हे याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण. व्हेनिसच्या बोलीत ‘मी आपला दास’ या अर्थाचा वाक्प्रचार होता. त्यातला ‘दास’ म्हणजे मध्ययुगीन लॅटिन ‘स्क्लावुस’. तो व्हेनिसला ‘स्-चावो’, मग ‘स्-चाव’ झाला आणि शेवटी पुढचा ‘स्’ गळून नुसता ‘चाव’ राहिला. आवाजाची कसोटी इथेही लागते. लॅटिनमधल्या ‘क्ल’चा व्हेनिसच्या बोलीत ‘च’ होतो, म्हणून लॅटिन ‘क्लाविस’, म्हणजे किल्ली, तिथे ‘चावे’ होते. आपली ‘चावी’ याच लॅटिन शब्दाच्या पोर्तुगीज नातवंडाकडून आली आहे! ‘स्क्लावुस’ मुळात स्लाव वंशाच्या माणसाचं नाव. मध्ययुगात या लोकांना एवढ्या संख्येने पकडून विकलं गेलं की जमातीचं नावच ‘गुलाम’ या अर्थाने रूढ झालं. इंग्रजी ‘स्लेव्ह’ही तिथलाच. आज ‘चाव’ म्हणणाऱ्याच्या मनात यातलं काहीही नसतं. इटलीत तो भेटताना आणि निघताना दोन्ही वेळा चालतो. इटालियन स्थलांतरितांनी तो अर्जेंटिनात नेला, तिथे मात्र तो फक्त निरोपाला उरला.

ऑस्ट्रिया, बव्हेरिया आणि हंगेरीत हीच कल्पना थेट लॅटिनमधून आली. ‘सेर्वुस’ म्हणजे दास. हंगेरीत त्याचं ‘सेर्वुस’ वरून ‘सिया’ झालं. पाहुण्याला ते इंग्रजीतल्या निरोपाच्या ‘सी या’ सारखं ऐकू येतं, आणि तिथली तरुण मंडळी निघताना ‘हॅलो’ म्हणतात. त्यामुळे हे लोक सगळं उलटं बोलतात असा समज होतो. ‘सिया’ आणि ‘सी या’ यांचं नातं शून्य आहे. व्हिएतनामी ‘चाओ’ आणि इटालियन ‘चाव’ यांचंही तेच.

मराठी बोली बहुतेक दुसरा मार्ग धरते. समोरच्याला वर चढवते. ‘काय राव’ मध्ये तो राजा, ‘काय शेठ’ मध्ये संस्कृत ‘श्रेष्ठी’ वरून आलेला व्यापारी, ‘काय मालक’ मध्ये अरबी मुळाचा ‘ज्याच्या ताब्यात मालमत्ता आहे तो’, ‘काय सरकार’ मध्ये फारसी ‘सर’ म्हणजे डोकं आणि ‘कार’ म्हणजे काम मिळून झालेला कामाचा प्रमुख. गोव्यात याच जागी ‘पात्रांव’ येतो, पोर्तुगीज ‘पात्रांव’ म्हणजे धनी. आणि मुंबईच्या ‘काय बॉस’ मागे डच ‘बास’ आहे, म्हणजे कारागिरांचा मुख्य. डच लोकांची उत्तर अमेरिकेतली वसाहत १६६४ मध्ये इंग्रजांकडे गेली आणि तिचं न्यूयॉर्क झालं, पण हा शब्द तिथल्या इंग्रजीत राहिला. पुढे अमेरिकेत तो पसरला याचं एक कारण असं की गोऱ्या कामगारांना धन्याला ‘मास्टर’ म्हणायचं नव्हतं. तो शब्द गुलामांच्या तोंडचा होता. म्हणजे ‘चाव’ हा गुलामीचा शब्द विसरून झालेला नमस्कार, तर ‘बॉस’ हा गुलामीचा शब्द टाळण्यासाठी पत्करलेला. रिक्षाच्या रांगेत ‘काय बॉस, येणार का स्टेशनला?’ विचारताना आपण नकळत हा प्रवास पुरा करतो.

सा, रे, ग म्हणावं इतक्या सहजपणे लोक इथे एक चूक करतात: सारखं दिसतं म्हणजे उसनं घेतलं. ‘काय भाऊ’, ‘काय भावा’ आणि ‘काय ब्रो’ यांची तुलना करा. ‘भाऊ’ संस्कृत ‘भ्रातृ’ पासून प्राकृतातून झिजत आला. फारसी ‘बिरादर’ आणि इंग्रजी ‘ब्रदर’ ही त्याच आद्य शब्दाची दुसरी अपत्यं. हे चुलत भाऊ आहेत. कोणी कोणाकडून घेतलेलं नाही. ‘बिरादरी’ मात्र मराठीने फारसीतून उचललेला शब्द आहे, आणि ‘ब्रो’ अलीकडे इंग्रजीतून. एकाच घरातला शब्द तीन वेगवेगळ्या दारांनी मराठीत आला. ‘नमस्कार’ मधला ‘नमस्’ आणि फारसी ‘नमाज’ यांचं नातं याच प्रकारचं. दोन्हींचं मूळ वाकणं, आदर दाखवणं. इराणी भाषांत तो शब्द इस्लामच्या आधीपासून होता. ‘काय मर्दा’ तला ‘मर्द’ फारसीतून आला, पण त्याचा जुना इराणी पूर्वज आणि संस्कृत ‘मर्त्य’ हे सख्खे. कोल्हापूरकराने पारावर मित्राला मारलेल्या हाकेत ‘अरे मरणाधीन माणसा’ असा अर्थ दडलेला आहे, फक्त तो आता कोणालाच जाणवत नाही.

उसना शब्द कोणत्या दाराने आला हे ओळखायची एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. अरबीतलं ‘द’सारखं एक जड व्यंजन फारसी माणसं ‘ज़’ असं उच्चारतात. मराठीत आपण ‘हजर’, ‘काजी’, ‘रमजान’ म्हणतो, सगळीकडे ‘ज’. म्हणजे हे अरबी शब्द अरबांकडून थेट आलेले नाहीत, फारसी बोलणाऱ्या दरबारांतून आले. ‘सलाम’ मध्ये असं व्यंजन नाही, पण तो याच गटाबरोबर दख्खनच्या सुलतानशाह्यांच्या कचेऱ्यांतून आला. मूळ अरबी अर्थ शांती, सुखरूपता. हिब्रू ‘शालोम’ त्याचं सख्खं भावंड. ‘सलामत’ हा त्याच मुळाचा शब्द व्यापाऱ्यांबरोबर पूर्वेला गेला आणि इंडोनेशियात सकाळच्या अभिवादनात जाऊन बसला: ‘सलामत पागी’. ‘मुजरा’ची कथा आणखी मजेची. अरबी मूळ ‘वाहणं, चालू होणं’ असं. फारसीत त्याला हिशेबातली वजावट, मान्य करून पुढे सोडलेली रक्कम असा अर्थ आला, आणि दरबारात हजेरी लावून आपला मान रुजू करणं हा अर्थ त्याला चिकटला. आपण ‘मानाचा मुजरा’ म्हणतो तेव्हा हिशेबाचा अर्थ पूर्ण पुसला गेलेला असतो.

पोर्तुगिजांबद्दल एक निरीक्षण सांगायलाच हवं. त्यांनी मराठीला चावी, पाव, बटाटा, पगार असे कितीतरी शब्द दिले, पण घाटावरच्या मराठीत त्यांचं एकही अभिवादन रुजलं नाही. वस्तू बाजारातून येते, तिच्यासोबत नाव येतं. अभिवादन येतं ते ज्यांच्यापुढे रोज वाकावं लागतं किंवा ज्यांच्यात रोज ऊठबस असते त्यांच्याकडून. गोव्यात तशी ऊठबस होती, म्हणून तिथे ‘पात्रांव’ टिकला आणि कोंकणी मांडो गीतांत निरोपाचं ‘आदेउस’ आलं. ‘आदेउस’ म्हणजे ‘देवाकडे’, देवाच्या हवाली. फ्रेंच ‘आद्यू’, स्पॅनिश ‘आद्योस’ तेच. जर्मनांचं रोजचं ‘च्युस’ हे त्याच ‘देवाच्या हवाली’चं झिजलेलं रूप, खालच्या सखल प्रदेशातून वर गेलेलं. इंग्रजी ‘गुडबाय’ सोळाव्या शतकातल्या ‘देव तुझ्याबरोबर असो’ या पूर्ण वाक्याचा आखडलेला गोळा आहे. ‘गुड मॉर्निंग’च्या ओढीने त्यातल्या देवाच्या जागी ‘गुड’ येऊन बसलं. पुढे इंग्रजीनेच त्यातलंही अर्धं टाकलं आणि उरलेलं ‘बाय’ आपण घेतलं.

‘टाटा’चं उत्तर छोटं आहे. इंग्रजीत तान्ह्या मुलांशी बोलायच्या भाषेतला हा निरोप, १८२३ पासून नोंदलेला. उद्योगसमूहाच्या नावाशी त्याचा संबंध नाही. ते पारशी कुटुंबाचं आडनाव आहे. मुलांना कडेवर घेऊन हात हलवायला शिकवताना म्हणायचा शब्द म्हणून तो आपल्याकडेही मुलांच्याच वाटेने शिरला.

अण्णा आणि अक्का हे द्राविड नातेशब्द. कन्नड ‘अण्ण’ मोठा भाऊ, ‘अक्क’ मोठी बहीण, तमिळ-तेलुगूतही तसेच. मराठी घरांत ते इतके जुने आहेत की कोणाला परके वाटत नाहीत. पण मुंबईत हॉटेलच्या गल्ल्यावर बसलेल्या माणसाला ‘अण्णा, दोन कटिंग’ म्हणतात तो अण्णा निराळा. तो उडुपी-मंगळूरकडच्या हॉटेलवाल्यांबरोबर नव्याने आला. तोच शब्द त्याच भाषाकुळातून दोनदा आला, शेकडो वर्षांच्या अंतराने, आणि दोन्ही वेळचा अर्थ वेगळा: घरातला वडीलधारा आणि दक्षिणेकडचा दुकानदार. नोंद करताना हे दोन वेगळे शब्द धरावेत. एकत्र केले की दोघांचाही इतिहास चुकतो.

याउलट जे गावंढळ किंवा बाहेरचं समजलं जातं ते कधी कधी सर्वांत जुनं मराठी असतं. वऱ्हाडात ‘काय गा’, ‘का गा’ म्हणतात आणि पुण्या-मुंबईकडची माणसं हसतात. १२९० च्या ज्ञानेश्वरीत श्रीकृष्ण अर्जुनाला ‘अगा’ आणि ‘गा’ असंच संबोधतात, पानोपानी. तेव्हा ते पुरुषांसाठी सर्रास होतं. प्रमाण मराठीत पुढे ‘अगं’ आणि ‘गं’ फक्त बायकांसाठी उरलं, वऱ्हाडाने जुना वापर सांभाळला. नागपूर-सोलापूरच्या ‘काय बे’ची गोष्ट वेगळी. ते हिंदी ‘अबे’कडून आलेलं आहे. दोन्ही एकाच तराजूत टाकून ‘हिंदीचा प्रभाव’ म्हणणं ही नेहमीची आणि मनाला लागणारी चूक आहे, कारण त्यात ज्ञानेश्वरांच्या तोंडचा शब्द परका ठरतो.

आद्याक्षरांच्या व्युत्पत्ती तर बहुतेक डोळे मिटून बाजूला ठेवाव्यात. समुद्र नसलेल्या चेक देशात ‘अहॉय’ हे रोजचं अभिवादन आहे. ते होड्या चालवणाऱ्या आणि स्काउट मुलांनी खलाशांकडून उचललं. पण तिथेही ‘ही लॅटिनमधल्या येशूच्या गौरवाच्या वाक्याची आद्याक्षरं’ अशी गोष्ट सांगतात. खरी आद्याक्षरी अभिवादनं कशी वागतात ते मराठी पत्रांत पाहा. ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, ‘रा. रा.’ म्हणजे राजमान्य राजेश्री. शेकडो पत्रांत लिहिली गेली, तरी कोणी रस्त्यात भेटल्यावर ‘सानविवि’ म्हणत नाही. ती कागदावरच, टिंबांसकट राहिली.

‘येतो’ किंवा ‘येते हं’ या निरोपात एकही उसना शब्द नाही, पण पद्धत मात्र एकट्या मराठीची नाही. ‘जातो’ म्हणणं अशुभ, म्हणून निघताना परत येण्याचंच बोलायचं. तमिळमध्ये ‘पोयिट्टु वरेन’, म्हणजे जाऊन येतो. कन्नडमध्ये ‘होगि बर्तिनि’, तेही तेच. शेजारी भाषा शब्द न देताघेता रीत वाटून घेतात. अशा ठिकाणी कोणी कोणाकडून घेतली हे ठरवण्याचा अट्टहास करू नये. शब्दाला जसा कोशातला दाखला असतो तसा रीतीला नसतो.

स्वतः नोंदी करणार असाल तर अभिवादन कधीही एकटं लिहू नका. कोणी, कोणाला, कोणत्या वेळी म्हटलं आणि उत्तर काय आलं, ही चारही घरं भरा. उत्तराशिवाय अर्धी माहिती जाते. ‘राम राम’ला ‘राम राम’च येतं, म्हणजे दोघं बरोबरीचे. ‘सलाम आलेकुम’ला उलटून ‘वालेकुम सलाम’. आणि ‘जोहार’ला काय यायचं? मंगळवेढ्याच्या चोखोबांच्या अभंगात ‘जोहार मायबाप जोहार’ आहे. गावात महाराने वरच्या जातींना घालायचा तो नमस्कार, आणि त्याला बरोबरीचा ‘जोहार’ परत मिळत नसे. राजपूत स्त्रियांच्या ‘जौहर’शी आवाज जुळतो म्हणून त्याची गाठ घालू नका. गडचिरोलीकडे गोंडांत ‘सेवा जोहार’ आणि झारखंडात ‘जोहार’ आजही आपसात, ताठ मानेने म्हटला जातो. म्हणजे हीनपणा शब्दात नव्हता, तो न मिळणाऱ्या उत्तरात होता. विसाव्या शतकात महाराष्ट्रातल्या दलितांनी तो जोहार टाकला आणि त्या जागी ‘जय भीम’ आणला. त्याचं श्रेय कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांना दिलं जातं. त्यातला ‘भीम’ म्हणजे भीमराव आंबेडकर, आणि ‘जय भीम’ला उत्तर येतं ते ‘जय भीम’च.